भेसळ की मिश्रण? : टायरचे रबर, काँक्रीट आणि आपला व्यापारधर्म

यंदाच्या स्मरणिकेसाठी काही लिहून द्यावे, असा संपादक मंडळाचा निरोप आला, तेव्हा बाजारातील तेजीमंदीवर चार शब्द लिहावेत असा आमचा मानस होता. परंतु गेल्या साधारण सभेत एका साध्या दिसणाऱ्या प्रश्नावर जी खडाजंगी झाली, ती आमच्या मनातून जाईना. संघाच्या गोत्री येथील जागेत नवे सामाईक गोदाम उभारावयाचे आहे आणि त्यापुढील आवारही बांधून काढावयाचे आहे. या साऱ्या कामाच्या काँक्रीटमध्ये जुन्या टायरांच्या रबराचा चुरा मिसळावा, अशी सूचना तरुण सभासदांनी आणली. त्यावर आमच्याहून वयाने वडील असलेले एक सभासद ताडकन उठून म्हणाले, "आज खडीत रबर, उद्या तुरीत लाख! आपल्या संघाने भेसळीला मान्यता द्यावयाची काय?" सभा हसली, परंतु सूचना तहकूब झाली. आता पुढील सभेत तिच्यावर मत द्यावयाचे आहे.

आमचा धंदा धान्याचा. काँक्रीटचे शास्त्र आमचे नव्हे. त्याविषयी जे लिहीत आहोत ते वाचून आणि जाणत्या अभियंत्यांना विचारून लिहीत आहोत. तथापि भेसळ म्हणजे काय, हे धान्याच्या व्यापाऱ्याला जितके कळते तितके क्वचितच दुसऱ्या कोणाला कळत असेल. आणि हा वाद वरकरणी काँक्रीटचा दिसला तरी मुळात तो भेसळीचा आहे, असे आमचे मत झाले आहे.

प्रथम टायरचा विचार करू. सन १८३९ मध्ये अमेरिकेत चार्ल्स गुडइयर यांना रबर गंधकाबरोबर तापवून टणक व टिकाऊ करण्याची युक्ती सापडली. तेव्हापासून रबराचे आयुष्य वाढले. परंतु त्याबरोबरच त्याची परतीची वाट बंद झाली. लोखंड वितळते, काच वितळते, त्यांची पुन्हा नवी वस्तू होते. गंधकाने एकदा पक्के झालेले रबर वितळत नाही. भाकरी एकदा भाजली म्हणजे तिचे पुन्हा पीठ होत नाही, तसाच हा प्रकार. त्यात नैसर्गिक रबर असते, कृत्रिम रबर असते, काजळी असते, पोलादी तारा, धाग्यांचे थर, गंधक आणि जस्ताचे भस्मही असते. ही वस्तू मातीत कुजत नाही आणि पाण्यात विरघळत नाही.

आपला बडोदे जिल्हा व त्याचा शेजार हा तर टायरांचे माहेरघर म्हणावा असा. वाघोडिया तालुक्यात लिमडा येथे अपोलो कंपनीचा कारखाना आहे. पंचमहालात हालोल येथे सिएट कंपनीचा आहे. तेथून नवे कोरे टायर बाहेर पडतात ते आपण कौतुकाने पाहतो. झिजलेले टायर कोठे जातात, हे मात्र आपण विचारीत नाही. आम्हीही विचारले नव्हते. ते विचारण्याची वेळ आमच्यावर कशी आली, ते सांगणे येथे अवश्य आहे.

गोत्रीकडील आमच्या गोदामाच्या पत्र्यांवर आम्ही बरीच वर्षे जुने टायर ठेवीत आलो. वाऱ्याने पत्रे उडू नयेत एवढाच हेतू. आपल्यापैकी पुष्कळांच्या गोदामांवर आजही ते दिसतील. सन २०२४ च्या ऑगस्टात विश्वामित्रीचा पूर शहरात शिरला. पाणी ओसरल्यानंतरच्या आठवड्यांत आमच्या एका जुन्या हमालाचा मुलगा डेंग्यूने अंथरुणास खिळला. तो वाचला, ही देवाची कृपा. घरोघर तपासणी करीत फिरणारा आरोग्य खात्याचा तरुण शिडी लावून आमच्या पत्र्यावर चढला आणि एका टायरातले पाणी वाटीत घेऊन खाली आला. त्या वाटीत वळवळणाऱ्या अळ्या त्याने आम्हांस दाखविल्या. तो काही बोलला नाही. हमालाची खोली गोदामाला लागूनच होती, आणि टायर आमचेच होते.

मागाहून आम्हांस कळले ते असे. डेंग्यू पसरविणारा एडिस जातीचा डास साठलेल्या पाण्याच्या काठाशी अंडी घालतो; ती अंडी कोरडी पडली तरी कित्येक महिने जिवंत राहतात, आणि पुन्हा पाणी लागले की आठ-दहा दिवसांत डास तयार होतो. टायरचा आकारच असा की तो कसाही ठेवा, त्याच्या पोटात पाणी राहते, आणि त्याच्या काळ्या सावलीत ते लवकर आटत नाही. आशियातील एका जातीचा एडिस डास सन १९८५ मध्ये अमेरिकेतील ह्यूस्टन शहरात ठाण मांडून बसलेला आढळला. तो तेथे जुन्या टायरांच्या व्यापारामार्गे गेला, असा शास्त्रज्ञांचा निष्कर्ष आहे. आपण डासाला मारण्यासाठी धूर करतो, औषध फवारतो, आणि संध्याकाळी प्रतिक्रमणास बसतो. डास जन्मासच येणार नाही अशी व्यवस्था ठेवणे, ही खरी जयणा. ती आमच्याकडून पाळली गेली नव्हती.

त्यानंतर पत्र्यांवरचे सर्व टायर आम्ही खाली उतरविले. आता ते द्यावयाचे कोणाला? इतकी वर्षे भंगारवाला येई, मोजून पैसे देई, टायर घेऊन जाई. तो ते पुढे कोठे नेतो, हे प्रथमच विचारले, तेव्हा तो सहज म्हणाला, "शेठ, भट्टीत." विटांच्या भट्ट्यांत आणि गुळाच्या गुऱ्हाळांत जळण म्हणून टायर घातले जातात, हे आम्ही ऐकून होतो. ज्या गुळाची ढेप आपल्या पेढीवर विक्रीस येते, तिच्या कढईखाली आपलेच टायर जळत असतील, हा विचार मात्र कधी मनास शिवला नव्हता.

उपासकदशांग सूत्रात आनंद श्रावकाच्या कथेच्या निमित्ताने पंधरा कर्मादाने सांगितली आहेत, म्हणजे श्रावकाने टाळावयाचे पंधरा धंदे. त्यांतले पहिलेच अंगारकर्म : आग पेटवून, भट्ट्या लावून उपजीविका करणे. आपण भट्टी लावीत नाही, असे म्हणून आपली सुटका होत नाही. पाप स्वतः करणे, दुसऱ्याकडून करविणे आणि करणाऱ्याला अनुमोदन देणे, या तिन्हींचा हिशेब आपल्या धर्मात एकाच वहीत मांडला जातो. चार पैसे घेऊन ज्याने टायर भट्टीकडे रवाना केला, त्याने कोणत्या खान्यात आपले नाव लिहावे? आम्ही आमचे लिहिले आहे.

टायर बंद भांड्यात तापवून तेल काढण्याचा एक धंदाही देशात पसरला आहे. तो नीट यंत्रसामग्रीने, देखरेखीखाली चालविता येतो, असे तज्ज्ञ म्हणतात; परंतु लहानसहान कारखान्यांत तो ज्या रीतीने चालतो तिचे परिणाम भयंकर आहेत. सन २०२५ च्या जानेवारीत पालघर जिल्ह्यातील वाडे तालुक्यात अशाच एका कारखान्यात स्फोट झाला आणि तेथे राहणाऱ्या मजुरांच्या कुटुंबांतील लहान मुलेही दगावली. आणि नुसता ढीग घालून ठेवावा, तर तोही सुरक्षित नाही. वेल्स प्रांतात हेयोप नावाच्या ठिकाणी सुमारे एक कोटी टायरांच्या ढिगाला सन १९८९ मध्ये आग लागली. ती आत धुमसत धुमसत सुमारे पंधरा वर्षे विझली नाही.

सरकारही याबाबतीत अगदी स्वस्थ बसलेले नाही. जुलै २०२२ मध्ये केंद्राने नियम काढून टायर बनविणाऱ्या व आयात करणाऱ्या कंपन्यांवर जुन्या टायरांची जबाबदारी टाकली. पहिल्या वर्षी पस्तीस टक्के, दुसऱ्या वर्षी सत्तर टक्के आणि २०२४-२५ पासून शंभर टक्के, असे तिचे प्रमाण ठरले. कंपन्यांनी ही जबाबदारी नोंदणी झालेल्या पुनर्वापर कारखान्यांकडून दाखले घेऊन पुरी करावयाची. तेल काढण्यासाठी परदेशातून जुने टायर आणण्यासही याच नियमांनी बंदी केली. नियम चांगला आहे. परंतु आपण आपला टायर नोंदणी झालेल्या कारखान्याकडे दिला तरच तो तेथे पोहोचणार. आपल्या दारातून तो भट्टीकडे गेला तर दिल्लीतला नियम त्याला वाटेत अडवीत नाही.

अशा स्थितीत टायरचे करावयाचे तरी काय? याचा पहिला जबाब अपरिग्रहाचाच आहे. हवेचा दाब ठीक ठेवावा, गाडीवर प्रमाणाबाहेर माल लादू नये, म्हणजे टायर अधिक काळ टिकतो. दुसरा जबाब असा की वरचा पट्टा झिजला, पण सांगाडा शाबूत असला, तर त्यावर नवा पट्टा चढवून घ्यावा. हे दोन्ही झाल्यावर जो टायर खरोखर मेला, त्याचे तुकडे करून, चुंबकाने पोलादी तारा काढून, रबर दळून चुरा करतात. हा चुरा डांबरात घालून रस्ते करण्याची रीत आपल्या देशात आता रुळली आहे. तशा डांबरासाठी २००४ पासून भारतीय मानकही आहे. चुऱ्याचा दुसरा उपयोग म्हणजे काँक्रीट, आणि त्यावरच आपल्या सभेत वाद पडला.

काँक्रीटमध्ये सिमेंट, वाळू, पाणी आणि खडी (येथील भाषेत कपची) असते, हे सर्वांस ठाऊक आहे. वाळूचा काही भाग काढून तेथे रबराचा चुरा घातला तर काय होते? याचा उल्लेखनीय अभ्यास अमेरिकेत एल्दिन आणि सेनूसी या दोघांनी सन १९९३ मध्ये प्रसिद्ध केला. सगळी खडी काढून तेथे रबराचे तुकडे घातले, तेव्हा काँक्रीटची दाब सोसण्याची शक्ती सुमारे पंच्याऐंशी टक्क्यांनी उतरली. सगळ्या वाळूच्या जागी बारीक चुरा घातला, तेव्हा ती सुमारे पासष्ट टक्क्यांनी उतरली. हा आकडा ऐकून आमचे वडीलधारे सभासद म्हणतील, "पाहा, आम्ही काय म्हणत होतो!" परंतु त्याच अभ्यासात आणखी एक गोष्ट दिसली. साधे काँक्रीट सोसते तोवर सोसते आणि मग एकाएकी फुटते. रबर घातलेले काँक्रीट तसे फुटले नाही. ते दबत गेले, तडकले, तरी एकत्र राहिले. धक्का पोटात घेण्याचा गुण त्यात आला होता.

यामागचे कारणही समजण्यासारखे आहे. रबराला पाणी आवडत नाही. सिमेंटची लापशी खडीला घट्ट धरते तशी ती रबराला धरीत नाही; रबराच्या कणाभोवती हवा अडकून राहते. शिवाय रबर मऊ, म्हणून भार आला की तो कण दबतो आणि भोवतीच्या सिमेंटवर ताण पडतो. चुरा आधी कॉस्टिक सोड्याच्या पाण्यात धुऊन घेतला तर पकड काहीशी सुधारते, असे पुष्कळ प्रयोगांत आढळले आहे. वाळूच्या घनमापाच्या पाच ते दहा टक्क्यांपर्यंत चुरा घातला तर शक्तीतील घट आवाक्यात राहते आणि सिमेंट-पाण्याचे प्रमाण नीट बेतून ती भरून काढता येते. वीस-पंचवीस टक्क्यांच्या पुढे गेले की सौदा तोट्याचा होतो. सारांश, रबराने काँक्रीट बलवान होत नाही. थोडे बळ देऊन थोडी सोशिकता विकत घेण्याचा हा व्यवहार आहे.

आता मूळ प्रश्नाकडे वळू. ही भेसळ आहे काय?

एका वस्तूत दुसरी मिसळली की भेसळ झाली, असे म्हणावे तर आपल्या वाडवडिलांची घरे भेसळीची ठरतील. चुन्यात गूळ, बेलफळाचा गर, उडदाचे पीठ घालून त्यांनी भिंती बांधल्या. त्या आजही उभ्या आहेत. खाद्यतेलाचेच पाहा. सरकीच्या तेलात गुपचूप दुसरे तेल ओतणारा तुरुंगात जातो; आणि दोन तेले ठरल्या प्रमाणात मिसळून, डब्यावर तसे छापून विकणारा कायद्याने व्यापारी ठरतो. सिमेंटची कथा तर याहून बोलकी आहे. औष्णिक विद्युत्केंद्रांतून निघणारी राख एके काळी निव्वळ उपद्रव समजली जाई, आणि सिमेंटमध्ये राख म्हटली की लोक कपाळाला हात लावीत. आज आयएस १४८९ या मानकाप्रमाणे पंधरा ते पस्तीस टक्के राख असलेले सिमेंट पोत्यावर तसे लिहून विकले जाते, आणि आपण ते आनंदाने घेतो. राख तीच, सिमेंट तेच. मध्ये आले ते माप, तपासणी आणि पोत्यावरचा छाप.

यावरून आम्ही आमच्यापुरत्या तीन कसोट्या ठरविल्या आहेत. पहिली, उघडपणा : काय मिसळले ते घेणाऱ्याला आधी सांगितले आहे काय? दुसरी, माप : किती मिसळले ते ठरलेले आणि तपासलेले आहे काय? तिसरी, जागा : जेथे ते वापरावयाचे तेथे त्याने कोणाचे नुकसान होत नाही ना? या तिन्हींना उतरले ते मिश्रण. एकीतही नापास झाले तर ती भेसळ, मग हेतू कितीही पुण्याचा असो. तुरीत लाख मिसळणारा पहिल्याच कसोटीला पडतो. आपल्या तरुण मित्रांची सूचना पहिल्या कसोटीला उतरते, कारण ती भर सभेत मांडली गेली. दुसरीचे व तिसरीचे काय, ते पाहू.

मापाविषयी धान्याच्या व्यापाऱ्याने तरी गाफील राहू नये. आपल्या आजोबांच्या काळी धान्य पायलीने मोजीत, पुढे वजनाने मोजू लागले. आणि पायलीचा भाव वजनाला लावून कित्येकांनी कित्येकांना बुडविले. तोच धोका येथे आहे. रबर हलके, वाळू जड. एक किलो रबर सव्वादोन ते अडीच किलो वाळूची जागा अडविते. एक घनमीटर काँक्रीटमध्ये वाळू साधारण साडेसहाशे ते सातशे किलो असते. तिच्या घनमापाचा दहावा हिस्सा रबर म्हटले, तर ते पंचवीस ते तीस किलो भरते. हेच 'दहा टक्के' कोणी वजनाने धरले, तर पासष्ट-सत्तर किलो रबर पडेल आणि वाळूची जवळजवळ पाव जागा ते व्यापील. कागदावर दोन्हीकडे दहा टक्केच. पण एक काम उभे राहील आणि दुसरे भुसभुशीत होईल. म्हणून ठरावात 'घनमापाने' हा शब्द स्पष्ट लिहिला पाहिजे.

याच हिशेबातून एक नम्रतेचा धडाही मिळतो. पंचवीस-तीस किलो रबर म्हणजे मालमोटारीच्या एका टायरमधील रबराइतकेही नव्हे. घनमीटरभर काँक्रीट एक टायरसुद्धा पुरता पचवीत नाही. तेव्हा आपल्या आवाराने देशाचा टायरांचा प्रश्न सुटेल, किंवा ओरसंगच्या पात्रातील वाळूचा उपसा थांबेल, असे कोणी म्हणू नये. आपल्या गोदामांवरचे टायर भट्टीत जाणार नाहीत एवढेच होईल, आणि तेवढे पुरे आहे.

दुसरी फसवणूक याहून सूक्ष्म आहे. रबराचा चुरा किलोमागे वाळूहून कितीतरी महाग पडतो. म्हणून "रबर घातल्याने काम स्वस्त होईल" असे जो ठेकेदार म्हणेल, त्याला बचत कोठून होणार, हे विचारावे. उत्तर बहुधा एकच असते : सिमेंटमधून. पूर्वी एकदा आमच्या गोदामाची फरशी एका ठेकेदाराने अशीच स्वस्तात करून दिली. दोन पावसाळ्यांत तिची भुकटी होऊन पोत्यांच्या तळाशी लागली. तेव्हा त्याच्यापाशी निमित्त नव्हते. रबर आल्यावर त्याला निमित्तही मिळेल, काँक्रीट मऊ का, म्हणून विचारले तर तो म्हणेल, "शेठ, रबर तुम्हीच सांगितले होते." रबराच्या आड सिमेंटची चोरी लपते, ही या वस्तूची खरी जोखीम आहे, आणि ती प्रयोगशाळेच्या पुस्तकांत सापडणार नाही.

यावर उपायही आपल्याच धंद्यातला आहे. पोत्यात सळई खुपसून नमुना काढल्यावाचून आपण सौदा करीत नाही. काँक्रीटचाही नमुना असतो. दीडशे मिलिमीटरचे घन ठोकळे ओतून, पाण्यात ठेवून, सातव्या व अठ्ठाविसाव्या दिवशी यंत्रात दाबून पाहतात. रबर घातलेले आणि न घातलेले, असे दोन्ही ठोकळे एकाच दिवशी, एकाच सिमेंटचे करावेत; म्हणजे रबराने किती उतरले आणि ठेकेदाराने किती उतरविले, ते वेगवेगळे दिसेल. श्रीमंत सयाजीराव महाराजांनी सन १८९० मध्ये कलाभवन स्थापन केले ते या शहरातील कारागिराला शास्त्र कळावे म्हणूनच. त्याच परंपरेतील सयाजीराव विद्यापीठाच्या अभियांत्रिकी शाखेला आपण विनंती केली, तर आपल्या छोट्या कामात तेथील विद्यार्थ्यांचेही शिक्षण होईल.

राहिली तिसरी कसोटी, जागेची. येथे आम्हांस आपल्या तरुण मित्रांशी स्पष्ट मतभेद नोंदविला पाहिजे. खांब, तुळई, छत, पाया यांत रबर मुळीच नको. काँक्रीटमधील खडी-वाळूविषयी आयएस ३८३ हे मानक २०१६ मध्ये सुधारले. त्यात मळी आणि जुन्या काँक्रीटची खडी यांना अटी घालून जागा दिली आहे, रबराला दिलेली नाही. ज्याला मानकाचा आधार नाही त्याच्यावर माणसांच्या डोक्यावरचे छत उभारू नये. भरलेल्या मालमोटारी जेथे वळतात, त्या चाकाखालच्या भागातही नको. तेथे बळच हवे.

गोदामाच्या आतल्या फरशीतही रबर नको, हे आम्ही विशेष आग्रहाने सांगतो. टायरमध्ये जस्त असते, तेले असतात, इतर रसायने असतात. त्यांतील एका रसायनापासून बनणारे विष अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरील नद्यांत सामन मासे मारीत होते, ही गोष्ट सन २०२० च्या अखेरीस उघडकीस आली. रस्त्यांवर झिजलेल्या टायरांची धूळ पावसाबरोबर नदीत जात होती. सिमेंटमध्ये बंद झालेले रबर तसे मोकळे सुटत नाही, हे खरे. तरीपण जेथे फरशीवर धान्य सांडते आणि झाडून पुन्हा पोत्यात भरले जाते, तेथे 'बहुधा काही होणार नाही' हे उत्तर आम्हांस पुरत नाही. अन्नाच्या बाबतीत संशयाचा फायदा अन्नाला द्यावा.

मग उरले काय? उरले ते थोडे, पण उपयोगाचे. हमालांची ये-जा असते ती पायवाट, हातगाड्यांचा मार्ग, आवाराच्या कडेचे दगड आणि कुंपणालगतची पट्टी. येथे भार बेताचा असतो, पण आदळआपट फार : पोते पडते, हातगाडीचे चाक कडेवर बसते, कोपरा उडतो. सोशिक काँक्रीटची ही जागा. तेथेही काँक्रीट ओतू नये, ठोकळे बसवावेत. ठोकळा बिघडला तर एकटा काढता येतो, आणि आवार बदलले तर उचलून दुसरीकडे बसविता येतो. हे ठोकळे दोन थरांचे करता येतात. रबर खालच्या थरात ठेवावे, वरचा थर साध्या काँक्रीटचा असावा. कारण आपल्या आवारात सांडलेल्या दाण्यांवर पारवे, चिमण्या, खारी दिवसभर उतरतात. त्यांच्या चोचीखाली झिजलेले रबर येऊ नये, एवढी काळजी जीवदयेच्या नावाने देणग्या गोळा करणाऱ्या संघाने घेतलीच पाहिजे.

एक आक्षेप मात्र आम्ही खोडून काढू शकत नाही, तो मान्य करतो. रबर घातलेला ठोकळा शेवटी फुटलाच, तर त्याचा राडारोडा साध्या काँक्रीटसारखा पुन्हा खडी म्हणून वापरणे अवघड जाईल. चांगल्या हेतूने केलेले काम पुढच्या पिढीच्या गळ्यात कसे पडते, याचे उदाहरण अमेरिकेत फ्लोरिडाच्या किनाऱ्यावर आहे. सन १९७२ मध्ये माशांना घर मिळावे म्हणून सुमारे वीस लाख टायर एकत्र बांधून समुद्रात सोडले. बांधणी गंजून तुटली, सुटे टायर लाटांबरोबर फिरून शेजारच्या खऱ्या प्रवाळावर आदळू लागले, आणि पुढे ते वर काढण्यासाठी पाणबुडे लावावे लागले. तेथे सर्वांचा हेतू शुद्ध होता. थोडे करून, पाहून, मग पुढे जाण्याचे शहाणपण तेवढे नव्हते.

म्हणून आमची सूचना अशी. एक, सर्व सभासदांनी येत्या पावसाळ्यापूर्वी आपापल्या पत्र्यांवरचे व परसातले टायर उतरवावेत, आणि ते नोंदणी झालेल्या कारखान्यासच देऊन त्याची पावती संघाच्या कचेरीत दाखवावी. पत्र्यांना बोल्ट व पट्ट्या लावाव्यात. दोन, गोदामाची इमारत, फरशी आणि मालमोटारींची जागा साध्या, मानकाप्रमाणेच्या काँक्रीटची करावी. तीन, हमालांच्या वाटेपैकी अर्धी दोन थरांच्या रबरी ठोकळ्यांची करावी, वाळूच्या घनमापाने दहा टक्क्यांहून अधिक चुरा न घालता. उरलेली अर्धी साध्या ठोकळ्यांची करावी. चार, दोन्हींचे नमुने दाबून पाहून आकडे फलकावर लिहावेत, आणि तीन पावसाळ्यांनंतर साधारण सभेने ती वाट चालून पाहावी. चांगली ठरली तर वाढवावी, वाईट ठरली तर ठोकळे उचलावेत.

वडीलधाऱ्या सभासदांना आमची हात जोडून विनंती आहे की भेसळीची चीड त्यांनी तशीच ठेवावी. फक्त तिचा रोख मिश्रणावर न ठेवता लपवाछपवीवर ठेवावा. तरुण मित्रांना विनंती ही की पुण्य मापाने करावे. आणि ज्यांना हा सारा वाद क्षुल्लक वाटतो, त्यांनी एकदा शिडी लावून आपल्या गोदामाच्या पत्र्यावर चढावे, आणि तेथल्या टायरातले पाणी वाटीत घेऊन पाहावे. आम्ही पाहिले आहे. पुढील सभेत आमचा हात कोणत्या बाजूने वर होईल, ते सांगणे न लगे.